उर्फांचे दप्तर



व्याख्यानमालेच्या पत्रकात माझा विषय वाचून काल मोंढ्यात एका स्नेह्यांनी मला थांबवले आणि विचारले, "हा विषय इतिहासाचा की यंत्राचा?" मी म्हटले, "पत्त्याचा." त्यांचे समाधान झाले नाही, आपलेही इतक्यात होणार नाही. म्हणून आरंभी दोन कागद आपल्यापुढे ठेवतो.

पहिला कागद म्हणजे जालन्याच्या एका जुन्या आडत दुकानाचे बिल. छापील मथळ्यावर दुकानाचे नाव, खाली पेठेचा पत्ता, आणि उजव्या कोपऱ्यात 'तार' ह्या शब्दापुढे एकच सुटसुटीत शब्द. दुसरा कागद आपल्या एमआयडीसीतल्या एका सळयांच्या कारखान्याचे अलीकडचे चलन. त्याच्याही कोपऱ्यात एक पत्ता आहे: आधी इंग्रजीत 'सेल्स', म्हणजे विक्री, मग ॲटचे वाटोळे चिन्ह, आणि पुढे कारखान्याचे नाव. आता 'विक्री' नावाचा मनुष्य त्या कारखान्यात नाही, कधी नव्हता, आणि कोणत्याही आईबापांनी मुलाचे असे नाव ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरी त्या नावाने रोज पत्रे येतात, ती कोणीतरी वाचतो, आणि त्यांच्या आधारावर लोखंडाचे ट्रक भरले जातात. हा विक्री कोण, त्याला पत्र कोण पोचवतो, आणि तो नोकरी सोडून गेला तर काय होते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

इंग्रजीत अशा नावाला 'अलायस' म्हणतात. आपल्याला त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. कोर्टाच्या समन्सात, जमिनीच्या उताऱ्यात, लग्नपत्रिकेत 'उर्फ' हा शब्द आपण पिढ्यान् पिढ्या वाचत आलो आहोत. कागदावरचे नाव एक, हाकेचे नाव दुसरे, मनुष्य तोच. संगणकाच्या टपालातला उर्फ मात्र ह्याच्या एक पाऊल पुढे जातो. तेथे एका उर्फामागे चार माणसे असू शकतात, आज ही चार तर उद्या दुसरी चार, आणि पत्र लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या जुन्या पत्रव्यवहारात पत्र माणसाला जाई. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. ते चाळून पाहावेत. मायन्यात माणसाचे नाव, पत्र नेणारा जासूद, आणि पोचल्यावर कागदावर 'पौ छ' अशी पावल्याची नोंद. कारभारी बदलला म्हणजे मायना बदले आणि शिक्काही बदले. पद आणि मनुष्य वेगळे ठेवण्याची खटपट आपण फारशी केली नाही; उलट पदच माणसाच्या अंगाला चिकटवून टाकले. बाळाजी जनार्दन भानू हे फडणीस झाले, आणि आज शाळेतल्या मुलाला भानू हे आडनाव विचारले तर तो गोंधळेल. चिटणीस, मुजुमदार, देशपांडे, कुलकर्णी ही सारी एके काळची कामे आहेत. काम गेले, वतन गेले, दप्तरही गेले, आणि नाव तेवढे दारावरच्या पाटीवर राहिले. ज्यांचे आडनाव कुलकर्णी आहे त्यांच्यापैकी कितीजणांना आज गावचा हिशेब लिहिता येईल, हा प्रश्न मी येथे विचारीत नाही. सभेत कुलकर्णी पुष्कळ आहेत.

पत्ता माणसापासून सुटा करण्याची पहिली व्यवस्था व्यापारात आली ती तारेमुळे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि पत्त्यातले शब्दही मोजले जात. तेव्हा व्यापारी वार्षिक फी भरून तार कचेरीत आपला एक संक्षिप्त पत्ता नोंदवून ठेवीत. कचेरीत एक नोंदवही असे. तिच्यात डावीकडे तो एक शब्द आणि उजवीकडे पेढीचे पूर्ण नाव व ठिकाण. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून मनमाडपर्यंत गेली, आणि कापसाच्या व धान्याच्या ह्या पेठेला मुंबईचा भाव कळणे ही जिवाची गोष्ट झाली. पेढीचे मालक बदलोत, वाटण्या होवोत, दुकान एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जावो. वहीतली उजवी बाजू बदलली की भाव सांगणारी तार नव्या दारी येई. डावा शब्द तसाच राही. मात्र फी भरायची राहून गेली, किंवा वाटणीनंतर त्या शब्दावर दोघा भावांनी हक्क सांगितला, की तंटा उभा. भारतातली तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिची वही मात्र दुसऱ्याच वेषात आपल्या कारखान्यांत येऊन बसली होती.

त्यासाठी आता थोडे दूर जावे लागेल. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची ह्यांनी १९६९ मध्ये युनिक्स नावाची प्रणाली रचायला घेतली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाचे त्यावर छोटे नाव आणि स्वतःचा कप्पा, अशी ती रचना. १९७१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच एकमेकांना निरोप ठेवण्याची सोय होती. यंत्राचा कारभार पाहणारा जो भाग त्याला गाभा म्हणत, आणि मनुष्य व गाभा ह्यांच्यामध्ये बसून आज्ञा ऐकणारा जो भाग त्याला 'शेल', म्हणजे कवच. ह्या कवचाला एकेक आज्ञा टंकून देता येते, तशीच आज्ञांची सबंध यादी एका फाइलीत लिहून "ही वाच आणि ह्याप्रमाणे कर" असेही सांगता येते. ती यादी म्हणजे शेल स्क्रिप्ट. आपण घरातून निघताना गड्याला चिठ्ठी लिहून ठेवतो, दूध ताप, दार लाव, गाय आली तर पेंड घाल, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की हा गडी चिठ्ठीत जे लिहिले असेल तेच करतो. गाय आली नाही तर काय, हे लिहिले नसेल तर तो पेंड कोठेही घालील.

उर्फांची वही ह्या प्रणालीत आली ती कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात. तेथे एरिक ऑलमन ज्या प्रकल्पात काम करीत, त्याच्याच यंत्राला अमेरिकेच्या दूरवर पसरलेल्या संगणकजालाची जोडणी होती. साहजिकच सगळ्या प्राध्यापकांना त्या यंत्रावर खाते हवे झाले, कारण बाहेरचे टपाल तेथेच येई. इतक्या लोकांना खाती देण्याऐवजी टपालच त्यांच्या यंत्रावर पोचते करावे असे ऑलमन ह्यांनी ठरवले आणि 'डिलिव्हरमेल' हा कार्यक्रम लिहिला. १९८० च्या सुमारास तो बर्कलीच्या युनिक्सबरोबर बाहेर पडला. १९८३ मध्ये त्याचे 'सेंडमेल' झाले. त्याच्याजवळ 'अलायसेस' नावाची साध्या मजकुराची एक फाइल असे. प्रत्येक ओळीत डावीकडे उर्फ, मग विसर्गासारखी दोन टिंबे, आणि उजवीकडे स्वल्पविराम देऊन खरी नावे. फाइल बदलल्यावर 'न्यूअलायसेस' अशी आज्ञा द्यायची, म्हणजे यंत्र तिची चटकन शोधता येणारी सूची करून ठेवते. तार कचेरीची नोंदवही आणि ही फाइल शेजारीशेजारी ठेवली तर हस्ताक्षराखेरीज काही फरक दिसणार नाही.

एक उर्फ तर सक्तीचाच झाला. १९८२ च्या नियमपत्रात असे ठरले, की टपाल घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' ह्या नावाने पत्र पोचलेच पाहिजे. त्या नावाचा मनुष्य असो वा नसो, तक्रार कोणीतरी वाचली पाहिजे. १९९७ मध्ये दुसऱ्या एका नियमपत्राने विक्री, माहिती, मदत अशा आणखी काही पदनामांची यादी दिली. म्हणजे सांगलीच्या व्यापाऱ्याला जालन्याच्या कारखान्यात कोणाची ओळख नसली तरी 'विक्री'ला लिहिता यावे. अनोळखी माणसालाही दार सापडावे, हा त्यातला मोठा गुण.

हे सारे महाराष्ट्रात केव्हा आले? आले ते मुंबईच्या जुहूला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्वतंत्र झाले. श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक होते. १९८६ मध्ये शिक्षण व संशोधन संस्थांसाठी 'अर्नेट' ही योजना सुरू झाली, आणि जुहूचे केंद्र व पवईची आयआयटी ह्यांच्यात साध्या टेलिफोनवरून संगणकाचे टपाल जाऊ-येऊ लागले. तेव्हाच्या पद्धतीत पत्त्यात गावाचे नाव लिहून भागत नसे, सबंध वाट लिहावी लागे: ह्या यंत्राकडून त्या यंत्राकडे, तेथून पलीकडे, प्रत्येक नावापुढे उद्गारचिन्ह. वऱ्हाडात पत्र पाठवताना वाटेतल्या प्रत्येक धर्मशाळेचे नाव पाकिटावर घालण्यासारखेच ते. जुहूच्या यंत्रांना 'शक्ती', 'साथी' अशी आपल्या भाषांतली नावे होती. १९८९ मध्ये अमेरिकेशी कायमची जोडणी झाली, सेकंदाला ९.६ किलोबिट एवढ्याच वेगाची, आणि त्याच वर्षी मे महिन्यात भारताचे 'डॉट इन' हे संक्षिप्त नाव ह्याच केंद्राकडे सोपवले गेले. एका अर्थाने देशाचा तारेचा पत्ता नोंदवला गेला, आणि वही जुहूला राहिली.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. विद्यार्थ्यांना स्वस्तातले खाते मिळे, त्याला 'शेल खाते' असेच म्हणत. चित्रे नाहीत, नुसता मजकूर. मुंबईतल्या युनिक्स यंत्राचे ते कवचच घरच्या पडद्यावर उघडत असे. पुष्कळ मराठी मुले तेथे पहिल्यांदा आज्ञा टंकायला शिकली, आणि त्यांतली काही पुढे गावोगावच्या कारखान्यांत ह्या विद्येवर पोट भरू लागली. मीही त्यांतलाच एक.

आता जालन्याकडे येतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ च्या १ ऑगस्टला स्थापन झाले. त्याच्या जालन्याच्या वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. येथे मालात फरक थोडा, भावात फरक टनामागे शे-दोनशेचा, आणि माणसे एका फाटकातून निघून समोरच्या फाटकात शिरतात. ह्या शेवटच्या गोष्टीवरच माझी हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वी मी तेथल्या एका मिलच्या कार्यालयात संगणक सांभाळीत होतो. एक टेलिफोन, एक मोडेम, बाहेर कंपनीच्या नावाची एकच टपालपेटी. कोपऱ्यात युनिक्सच्या घराण्यातली लिनक्स प्रणाली चालवणारे यंत्र दर अर्ध्या तासाने फोन लावून टपाल आणी आणि उर्फांची फाइल पाहून आतल्या आत वाटी. 'विक्री' ह्या उर्फासमोर तीन नावे होती. त्यांतले एक गृहस्थ दौऱ्यावर फार असत, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे टपाल त्यांच्या खाजगी पत्त्यावरही जाईल अशी ओळ मी फाइलीत घातली. पुढे त्यांनी नोकरी सोडली. हार घालून निरोप झाला, पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. ते रस्त्यापलीकडच्या मिलमध्ये विक्रीलाच लागले. फाइलीतली ओळ मात्र तेथेच राहिली.

अडीच महिन्यांनी एका बांधकाम ठेकेदाराचा फोन आला. तो सहज म्हणाला, "तुमचा दर येण्याआधी समोरच्यांचा दर आला, आणि मी त्यांना विचारलेच नव्हते." शेठजींनी मला बोलावले. ते रागावले नाहीत, त्याने अधिक वाईट वाटले. त्यांनी एवढेच विचारले, "मला हे सांगा, हा विक्रीचा पत्ता कुणाचा? माझा, की त्याचा?" त्या गृहस्थांनी मुद्दाम लबाडी केली असे मी म्हणणार नाही. पत्रे त्यांच्या दारात येऊन पडत होती, आणि दारात आलेले पत्र कोण परत करतो? चूक वही राखणाऱ्याची होती, आणि वही राखणारा मी होतो.

तेव्हा मी ठरवले, की ही फाइल हाताने लिहायचीच नाही. मिलमध्ये कोण आहे आणि कोण नाही हे ठाऊक असणारी एकच जागा असते, ती म्हणजे टाइम ऑफिसचे मस्टर. तेथल्या टाइमकीपरांनी ते संगणकावर घेतले होते: अनुक्रमांक, नाव, खाते, टपालाचे नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सगळे स्वल्पविरामांनी तोडलेले. मी तीस-चाळीस ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात 'ऑक' ह्या अवजाराने (आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन ह्या त्रयीच्या आद्याक्षरांवरून १९७७ मध्ये त्याचे हे नाव पडले) ज्या ओळीत सोडल्याची तारीख कोरी आहे तेवढी माणसे निवडायची, खात्याप्रमाणे गोळा करायची आणि प्रत्येक खात्याच्या उर्फाची ओळ तयार करायची. रोज रात्री दोन वाजता यंत्राने ती आपोआप चालवायची. मला फार धन्यता वाटली.

महिन्याभराने आणखी एक मनुष्य सोडून गेला आणि त्याचेही टपाल चालूच राहिले! मी स्क्रिप्ट दहा वेळा वाचली. तिच्यात चूक नव्हती. शेवटी टाइमकीपरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, मनुष्य गेला म्हणजे काय? हिशेब चुकता होईपर्यंत तो आमच्या मस्टरवर असतोच." भविष्यनिधीचे कागद, रजेचे पैसे, ॲडव्हान्सची कपात ह्यांत दीड-दोन महिने जात, आणि मगच ते सोडल्याची तारीख भरीत. त्यांच्या कामापुरते ते अगदी बरोबर होते. दोन दप्तरांत 'गेला' ह्या शब्दाचे दोन अर्थ होते, आणि स्क्रिप्टला हे सांगणार कोण? अखेर आम्ही मस्टरमध्ये आणखी एक रकाना घातला: गेटपास परत केल्याची तारीख. फाटकावर पास जमा झाला की त्याच संध्याकाळी ती भरायची. मी लिहिलेल्या चाळीस ओळींपेक्षा ह्या एका रकान्याने अधिक काम केले.

पण रकान्यांनीच पुढे दगाही दिला. एका सोमवारी टाइमकीपरांनी मध्येच ईएसआय क्रमांकाचा रकाना घातला. त्यामुळे सारे रकाने एकेक घर सरकले, आणि स्क्रिप्ट ज्याला गेटपासची तारीख समजत होती तेथे दुसरीच, प्रत्येकाकडे भरलेली, नोंद आली. रात्री दोन वाजता यंत्राने असा निष्कर्ष काढला, की मिलमधली सर्व माणसे नोकरी सोडून गेली आहेत. त्याने एकाही उर्फाची ओळ लिहिली नाही. सकाळी आलेल्या प्रत्येक चौकशीला उत्तर गेले: असे येथे कोणी नाही. भट्टी पेटलेली, फाटकात ट्रकांची रांग, आणि टपालाच्या मते मिल ओसाड.

त्या दिवशी जे शिकलो ते जुन्या कारकुनांना उपजत ठाऊक होते. चालू वही खोडून तिच्यावरच नवी लिहू नये. नवी यादी वेगळ्या फाइलीत पुरती लिहावी, जुनीशी ताडून पाहावी, आणि मगच एका झटक्यात तिच्या जागी ठेवावी. रकाना क्रमांकाने ओळखू नये, मथळ्यावरच्या नावाने ओळखावा. एखादे खाते एकदम रिकामे झाले, किंवा एका रात्रीत पाचातला एक मनुष्य कमी झाला, तर स्क्रिप्टने हात आवरावा, जुनी यादी तशीच ठेवावी आणि पोस्टमास्टर ह्या उर्फाला पत्र टाकावे. आणि तो पोस्टमास्टर मस्टरमधून काढू नये; त्याची ओळ हातानेच लिहावी. म्हणजे सारे बुडाले तरी ओरड ऐकणारा एकजण उरतो.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. उर्फाच्या उजव्या बाजूला माणसाऐवजी एखाद्या कार्यक्रमाचे नावही लिहिता येते. मग पत्र आले की तो कार्यक्रम चालतो. जुन्या युनिक्स यंत्रांच्या फाइलीत 'डिकोड' नावाचा असा एक उर्फ आयताच घालून मिळे. टपालातून आलेल्या सांकेतिक मजकुराची फाइल बनवून देणे हे त्याचे काम. बाहेरचा कोणीही त्याला पत्र पाठवून आतल्या फाइलींवर आपल्या फाइली लादू शकतो, हे उमगल्यावर ती ओळ काढून टाका म्हणून सर्वत्र सांगावे लागले. घालून दिलेली ओळ कोणी वाचलेलीच नव्हती. माझ्या हाताने घातलेलीही अडीच महिने कोणी वाचली नाही, तेव्हा दुसऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आज पुष्कळ कारखाने टपाल बाहेरच्या मोठ्या कंपन्यांकडे सोपवतात, आणि पडद्यावर 'ग्रुप' म्हणून खुणा केल्या की काम होते. ज्यांनी यंत्र घरी ठेवले त्यांच्यापैकी अनेकजण सेंडमेलऐवजी वीत्से वेनेमा ह्यांचे, १९९८ मध्ये बाहेर पडलेले 'पोस्टफिक्स' वापरतात. गंमत अशी, की पोस्टफिक्समध्येही 'सेंडमेल' नावाची आज्ञा ठेवावी लागली, कारण जगभरच्या स्क्रिप्ट त्याच नावाने हाक मारीत. सेंडमेल स्वतःच एक उर्फ होऊन बसला. अलायसेस फाइल मात्र तीच, डावीकडे नाव, दोन टिंबे, उजवीकडे माणसे. आणि ग्रुप म्हणा की उर्फ म्हणा, सोडून गेलेला मनुष्य त्यातून कोण आणि केव्हा काढणार, हा शेठजींचा प्रश्न पडद्यावरच्या खुणांनी सुटलेला नाही. आपल्यापैकी ज्यांच्या दुकानाच्या पाटीवर असा पत्ता आहे त्यांनी घरी गेल्यावर एवढे विचारून पाहावे, की त्या पत्त्यावरचे पत्र आज नेमके कोणाकोणाच्या हाती जाते.

त्या मिलचे टाइमकीपर पुढे निवृत्त झाले. निरोपसमारंभ आटोपल्यावर, संध्याकाळी सहाच्या सुमारास, ते आपल्या खुर्चीवर परत आले, मस्टर उघडले, आणि स्वतःच्या ओळीत गेटपास परत केल्याची तारीख स्वतःच्या हाताने भरली. मग पास फाटकावर देऊन सायकल घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी 'टाइम ऑफिस' ह्या नावाने आलेले पहिले पत्र त्यांच्या जागी आलेल्या मुलीला मिळाले. पत्र भविष्यनिधी कार्यालयाचे होते, आणि त्यांच्याच हिशेबाविषयी होते.